मत्स्यविनोद आणि मळ्या

चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९ च्या सुमारास) हा ग्रंथ आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना परका नाही. ज्या कल्याणीहून तो राज्य करी, ते बसवकल्याण आज बीदर जिल्ह्यात आहे. आणि ग्रंथ प्रकाशात आला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून, श्रीगोंदेकरांच्या संपादनाने, १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत. शंभर अध्यायांच्या या ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाची नेहमीच वाखाणणी होते. समुद्रातील व नद्यांतील सुमारे पस्तीस जातींचे मासे, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ टाकण्याची कला हे सारे राजाने तेथे नेटकेपणाने मांडले आहे. ही वाखाणणी रास्तच आहे. परंतु त्या प्रकरणाचे नावच त्याची मर्यादा सांगते, असे आम्हांस वाटते. तेथे मासा हा विनोदाचा, म्हणजे करमणुकीचा विषय आहे, पोटाचा नव्हे.

पोटाचा विषय येतो तो ‘अन्नभोगा’त. मासे कापून तुकडे करावेत, चिंचेच्या कोळाने धुवावेत, गव्हाचे पीठ लावून तेलात तांबूस होईतो तळावेत, असे राजा सांगतो. आंबट आणि पीठ यांची ही जोडी आपल्या स्वयंपाकघरांतून आजही नांदते आहे. मात्र त्यातले पहिलेच क्रियापद पाहावे. बोटाएवढी मासळी कोणी कापत नाही. ती राखेने वा मिठाने चोळून धुतात, पोट काढतात, मीठ, हळद, तिखट लावून तव्यावर अख्खी कुरकुरीत करतात आणि भाकरीबरोबर काट्यासकट खातात. ‘कापावेत’ या एका शब्दाने राजाने ओढ्याकाठची चूल ग्रंथाबाहेर ठेवली.

त्या चुलीवरच्या मासळीची नावे लिहून ठेवली ती सातशे वर्षांनी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांवरील आपले टिपण १८३९ मध्ये प्रसिद्ध केले आणि नव्या जातींना नावे देताना अनेकदा इथलेच शब्द उचलले. वाहत्या पाण्यात दगडाला तोंडाने चिकटून राहणारा मळ्या शास्त्रात ‘गारा मुल्ल्या’ झाला. बालुकी, कोळस, सांडखोल हेही शब्द लॅटिन नावांत जाऊन बसले. साइक्सला चव सांगावयाची नव्हती. त्याने खवले आणि पर मोजले. परंतु ज्यांना मराठी कोशांत शोधावे लागते, असे हे शब्द आज जगभरच्या प्राणिशास्त्रात सुखरूप आहेत. त्याचा आनंद मानावा की खेद, हे ठरविणे कठीण आहे.

मराठीने स्वतः काय केले? आपली पाकपुस्तके प्रायः समुद्राकडे तोंड करून बसली. पापलेट, सुरमई, बांगडा यांना तेथे पानेच्या पाने मिळाली. नदीची मासळी ‘लहान मासे’ या दोन शब्दांत आटोपली. इकडे १९५२ मध्ये आफ्रिकेतील तिलापिया भारतात आणला गेला, तो तळ्याधरणांतून पसरला, आणि ‘चिलापी’ हे त्याचे नाव बाजारात रुळले. मूळच्या जातींची नावे मात्र बाजारातून हळूहळू मागे सरत आहेत. ज्या माशाला नाव उरत नाही, तो ओढ्यातून नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून ‘मत्स्यविनोदा’चे कौतुक करणाऱ्यांनी तेथेच थांबू नये, एवढेच आमचे म्हणणे. राजाने पद्धत दिली, साइक्सने नावे दिली. चव आणि कृती आपल्या घरांत आहेत. मलप्रभेच्या, मांजरेच्या, नर्मदेच्या वा मांडवीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना मराठी नावाशेजारी कानडी, तेलुगू, हिंदी वा कोंकणी नावही ठाऊक असते. ही जोडनावे पुण्यामुंबईच्या कोशकाराला सहजी मिळणार नाहीत. खाणारे असोत वा न खाणारे, ती उतरवून ठेवणे हे आपलेच काम आहे. आणि ते घरातील वडीलधारी माणसे सांगावयास आहेत तोवर व्हावयास हवे.