दोन कंठ, एक आर्जव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गाणे आणि भक्ती यांची फारकत कधी झालीच नाही. शेगावी पालखीपुढे टाळ-मृदंग घुमतो. सैलानीबाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे भाविक येतात. अशा परिसरात राहणाऱ्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो : गायकवृंदाने पेटी-तबला धरावा की गिटार? आणि शेजाऱ्याच्या भक्तिगीताला आपल्या ओठांवर कितपत स्थान द्यावे? या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात 'कलोनियल कझिन्स' या मुंबईकर जोडीची कामगिरी अभ्यासण्याजोगी आहे.

हरिहरन कर्नाटक संगीताच्या घरात जन्मले आणि गझलेत रमले. 'जोगवा' चित्रपटातील गीताने ते मराठी घराघरांत पोहोचले. लेस्ली लुईस हे नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचे पुत्र. त्यांचा पिंड पाश्चात्त्य गिटारवादनाचा. जाहिरात-संगीताच्या निमित्ताने दोघे एकत्र आले आणि १९९६ साली त्यांचा पहिला, चित्रपटबाह्य गीतसंग्रह प्रसिद्ध झाला.

या संग्रहाचे बळ आमच्या मते एकाच गोष्टीत आहे. दोघांपैकी कोणीही आपली भाषा टाकून दुसऱ्याची उसनी घेत नाही. हरिहरन यांची आलापी गिटारच्या सोयीसाठी आखडत नाही आणि लुईस यांचे इंग्रजी गायनही उगाच हरकती-मुरक्यांचा आव आणत नाही. एक गात असताना दुसरा ऐकतो, हे श्रोत्याला जाणवते.

'कृष्णा' हे त्यांचे सर्वांत गाजलेले गीत. त्याचा आधार म्हणजे व्यासतीर्थांची कन्नड रचना. तिच्यातील बाळकृष्णाच्या आळवणीशेजारी लुईस यांचे इंग्रजी शब्द येतात : भाऊ भावाशी भांडतो आहे, तेव्हा येशू, राम, अल्ला, कोणत्याही रूपाने ये. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबई होरपळल्यानंतर अवघ्या काही वर्षांत ही आळवणी प्रकट झाली, हे विसरून चालणार नाही.

येथे श्रद्धावंताचे मन अडखळते, आणि ते अडखळणे योग्यच आहे. आमच्या दृष्टीने प्रभू येशूचे नाव इतर नावांशी अदलाबदल करता येण्याजोगे नाही. म्हणून पवित्र मिस्सामध्ये हे गीत बसणार नाही. परंतु इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. हे गीत धर्मसिद्धान्त मांडू पाहत नाही. भयभीत शहराने फोडलेला तो टाहो आहे. धर्मग्रामाच्या सणाच्या संध्याकाळी, हिंदू-मुस्लिम शेजारी चर्चच्या अंगणात बसले असता, ते अवश्य गावे.

पुढील संग्रह १९९८, २००१ आणि २०१२ साली आले. त्यांत सफाई आहे. पण पहिल्या भेटीतील ओढ आम्हास तितकी जाणवली नाही. मिलाफ हातखंडा झाला की त्यातील जोखीम संपते आणि गीत केवळ श्रवणीय उरते.

आमच्या गायकवृंदांनी यातून एवढे घ्यावे : पेटी आणि गिटार एकत्र बसोत, मात्र दोघांनी प्रथम आपापली साधना पूर्ण करावी. कच्च्या सुरांचा मिलाफ प्रार्थनेच्या कामी येत नाही.