खंडित चित्रमालिका आणि ‘म्हणे’

अकाली बंद पडलेल्या मालिकेचे मूल्यमापन कसे करावे? कथानक अपुरे राहिले, एवढ्यावरून कृतीही अपुरी ठरते काय? ‘सॉसर कंट्री’ या अमेरिकन चित्रकथामालिकेच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील वाचकांस परग्रह व कारस्थान हे विषय ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने परिचित करून दिले. १९६४ मध्ये सुरू झालेली ही माला मराठीतही निघे. १९९० मध्ये ती बंद पडली. प्रस्तुत लेखकाने बीडमध्ये तिचे जुने अंक वाचले ते त्यानंतर, रद्दीतून मिळवून. तीतील मँड्रेक वा फ्लॅश गॉर्डन यांच्या कथांत खरे काय घडले, हे शेवटी निःसंदिग्धपणे कळते. म्हणून माला थांबली तेव्हा वाचनाची सवय मोडली. अर्थ तुटला नाही.

‘सॉसर कंट्री’चे तसे नाही. पॉल कॉर्नेल यांनी लिहिलेली व रायन केली यांनी चितारलेली ही मालिका २०१२ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये चौदाव्या अंकाबरोबर थांबली. न्यू मेक्सिकोची गव्हर्नर आर्केडिया अल्वाराडो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू पाहते. त्याच वेळी परग्रहवासीयांनी आपले अपहरण केल्याची तिची खात्री होते. आधार तिच्याच तुटक स्मृतींचा.

येथे मराठीतील ‘म्हणे’ या अव्ययाचे स्मरण होते. ‘गेवराईकडे म्हणे पाऊस झाला’ असे सांगताना आपण ऐकीव गोष्टीची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. प्रथमपुरुषी वाक्यात मात्र या अव्ययास निराळेच वळण मिळते. ‘मी म्हणे तापात बडबडत होतो’ या वाक्यात घटना माझी, पण साक्ष इतरांची. आर्केडियाची कोंडी नेमकी हीच आहे. स्वतःच्याच अनुभवापुढे तिला ‘म्हणे’ लावता येत नाही, आणि तो गाळावा तर मतदार तिला वेडी ठरवतील.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. गुप्त मंडळे, सल्लागार, भ्रम यांचे इतके धागे चौदा अंकांस पेलत नाहीत. २०१७ मध्ये ‘सॉसर स्टेट’ या नावाने कथा पुढे नेण्यात आली, हेही खरे. तथापि साक्ष आणि विश्वास यांतील अंतर, हा तिचा खरा विषय, त्या चौदा अंकांतच पूर्णत्वास गेला आहे.

हा विषय परका नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. अफवा पसरते तेव्हा प्रथम गळतो तो ‘म्हणे’. तो शेवटपर्यंत टिकवून धरणारी कृती अपुरी राहिली, तरी तिला अपयशी म्हणता येणार नाही.