बारा महिन्यांची अट: खाणकामगार, टीबी आणि नुकसानभरपाई

पेपर वाचताना निष्कर्षाआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: यात माणसं कोण आहेत, आणि कोण नाहीत?

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचंच बघा. तिथल्या 1973 च्या कायद्यानुसार कामगाराला टीबीची भरपाई मिळते, पण तो कामावर असताना किंवा खाण सोडल्यापासून बारा महिन्यांच्या आत झालेला असेल तरच. तेराव्या महिन्यात निदान झालं, तर आजार त्याचा स्वतःचा!

आता जीवशास्त्र काय म्हणतं? सिलिकाचे बारीक कण फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींनाच ते निकामी करतात. राजीनामा दिला म्हणून हे कण बाहेर पडत नाहीत. निझ्दो आणि मरे यांनी 1998 मध्ये 2,255 खाणकामगारांच्या कोहोर्टवरून दाखवलं, की सिलिकोसिस नसला तरी धुळीमुळे टीबीचा धोका वाढतो, आणि काम सुटल्यावरही तो उरतो. म्हणजे बारा महिन्यांच्या रेषेला जैविक आधार नाही.

पण हा कोहोर्ट गोऱ्या कामगारांचा होता. खाणीत बहुसंख्य होते काळे, स्थलांतरित कामगार. करार संपला की ते ट्रान्सकाई, लेसोथो, बोट्स्वानाला परत जायचे, आणि खाणीच्या नोंदींतूनही जायचे. नोंद नाही म्हणून आजार नाही, असा हा सोयीचा हिशोब. त्याच वर्षी ट्रापिडो आणि सहकाऱ्यांनी ट्रान्सकाईतल्या लिबोडेत जाऊन माजी कामगारांचे एक्स-रे काढले. न्यूमोकोनिओसिसचं प्रमाण एका वाचकाच्या मते 22 टक्के, दुसऱ्याच्या मते 36. फरक मोठा आहे, पण खालचा आकडासुद्धा लहान नाही.

पुढे 2011 मध्ये मंकायी खटल्यात घटनात्मक न्यायालयाने कामगाराला मालकावर दावा लावायची वाट मोकळी केली. स्वतः मंकायींना जुन्या कायद्याखाली 16,320 रँड मिळाले होते. निकालाच्या काही दिवस आधीच ते वारले. मग सामूहिक दावा, 2019 मध्ये न्यायालयाने मान्य केलेली तडजोड आणि त्सियामिसो ट्रस्ट. रक्कम वाढली, 1965 पर्यंत मागे जाता आलं. टीबीची वर्षभराची अट मात्र तशीच राहिली.

बचावात म्हणता येईल, की तिथे एचआयव्ही आहे, टीबी सर्वत्र आहे, एका माणसाचा टीबी धुळीमुळेच झाला हे कसं ठरवणार? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर धुळीत घालवलेल्या वर्षांत शोधायला हवं होतं. काम सोडल्याची तारीख मोजणं कारकुनाला सोपं जातं, एवढंच.

मूळ पेपर काढाल तेव्हा आधी पद्धतीचा विभाग वाचा. तिथे कोहोर्टची निवड एका वाक्यात दिलेली असते आणि आपण ती बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातो.