उत्तर सातव्या मिनिटाला

यूट्यूबवर मराठीत माहिती सांगणाऱ्या व्हिडिओंची आता एक ठरलेली घडण झाली आहे. शीर्षकात प्रश्न असतो: अमक्या साखर कारखान्याचं नेमकं काय झालं, तमक्या नटाने सिनेमे का सोडले. थंबनेलवर लाल बाण आणि कुणाचा तरी धक्का बसलेला चेहरा. व्हिडिओ सुरू होतो तो तोच प्रश्न आणखी गंभीर आवाजात विचारून. मग 'हे समजून घ्यायचं असेल तर आपल्याला थोडं मागे जावं लागेल' असं म्हणून निवेदक आपल्याला थेट साठ वर्षं मागे नेतो. पाठीमागे युद्धाला निघाल्यासारखं संगीत. मध्येच सबस्क्राईबची आठवण. उत्तर येतं सातव्या मिनिटाला, दोन वाक्यांत. ती दोन वाक्यं कमेंटमध्ये कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात आणि त्याखाली आभार मानणाऱ्यांची रांग असते: भावा, सात मिनिटं वाचवलीस.

याला आळशी किंवा सुमार म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण हे व्हिडिओ करणारी बरीच मुलं हुशार आहेत, वाचणारी आहेत, आणि त्यांची बोलण्याची मराठी आपल्या अनेक संपादकांपेक्षा जिवंत आहे. म्हणून मला हा प्रकार एक साहित्यरूप म्हणून वाचावासा वाटतो. आपण कथा, लघुनिबंध, अग्रलेख यांची लांबी आणि बांधणी कशामुळे ठरली ते तपासतो, तसंच. आणि तसं पाहिलं की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे ही बांधणी लेखकाने ठरवलेलीच नाही.

यूट्यूबच्या व्हिडिओत मधोमध जाहिरात टाकायची असेल तर तो किमान आठ मिनिटांचा असावा लागतो. जुलै २०२०पर्यंत ही अट दहा मिनिटांची होती, आणि तेव्हाचे व्हिडिओ दहा मिनिटं आणि काही सेकंदांवर संपायचे. त्याहून जुना बदल २०१२चा. किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला, याला यूट्यूबने तेव्हापासून शिफारशींमध्ये जास्त वजन द्यायला सुरुवात केली. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो. शॉर्ट्सचा हिशोब वेगळा आहे. तिथे जाहिरातींचे पैसे एका सामाईक निधीत जातात, आणि त्यातून करणाऱ्याच्या नावावर जे पडतं त्याचा ४५ टक्के हिस्सा त्याला मिळतो. हे आकडे समोर ठेवून तो साखर कारखान्याचा व्हिडिओ पुन्हा पाहा. साठ वर्षं मागे जाणं इतिहासाच्या ओढीतून आलेलं नाही. पाच मिनिटांचा ऐवज आठ मिनिटांत पसरायचा आहे आणि उत्तर आधी दिलं तर माणूस निघून जाईल.

वर्तमानपत्राच्या बातमीत हे नेमकं उलटं असतं. गाभा पहिल्या परिच्छेदात येतो, कारण जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो. आणि वाचकाने अंकाचे पैसे आधीच दिलेले असतात. त्याला शेवटपर्यंत अडवून ठेवायची पेपरला गरज नसते. पैसे कधी हातात येतात, वाचण्याआधी, वाचताना की वाचून झाल्यावर, यावर उत्तर कुठे ठेवायचं ते ठरतं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या गोष्टीकडे थोडं धंद्याच्या नजरेने पाहतो. समजा तुम्ही वीजबिल भरायचं अ‍ॅप बनवलंय आणि एके दिवशी डॅशबोर्डवर दिसलं की लोक त्यात पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ घालवतायत. कुणीही शहाणा इंजिनीअर पेढे वाटणार नाही. तो आधी पाहील की कुठलं बटण बिघडलंय. माणूस अ‍ॅपमध्ये रमलाय म्हणून थांबलाय की वाट सापडत नाही म्हणून थांबलाय, हे 'वेळ' या आकड्याला कळत नाही. व्हिडिओचंही तेच. एखादी कीर्तनासारखी रंगलेली वीस मिनिटं आणि उत्तराची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटं हिशोबात सारखीच दिसतात. मग ज्याला घर चालवायचंय तो स्वस्तातली वीस मिनिटं बनवायला शिकतो.

इथे थांबून 'जाहिरातीने सगळं नासवलं' असं म्हणायचा मोह होतो. साहित्यिक मंडळींना तर तो फारच होतो. पण मला ते मान्य नाही. सुमन धामणे हे नाव आठवा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, सत्तरीतल्या या आजींनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' नावाचं चॅनल चालवलं आणि २०२०मध्ये लाखो लोक त्यांचं पाहून पावभाजीपासून पालेभाजीपर्यंत सगळं करायला लागले. त्यांना कुठल्या प्रकाशकाने पुस्तक मागितलं असतं? कुठल्या दिवाळी अंकाने मानधन पाठवलं असतं? मराठी छापील जगाने ज्यांच्याकडे शंभर वर्षं लेखक म्हणून पाहिलं नाही, अशा लोकांना जाहिरातीच्या वाट्याने दारातून आत घेतलं. गावाकडच्या चुलीवरचे, शेतातल्या ठिबकचे, स्पर्धा परीक्षेचे कितीतरी चॅनल त्याच पैशावर उभे आहेत. आणि दिवाळी अंकांचं तरी काय? १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजपर्यंत ही आपली लाडकी परंपरा केशतेल, बँका आणि पतपेढ्यांच्या जाहिरातींना धरूनच चालली आहे. फरक एवढाच की केशतेलवाल्याला कथा किती शब्दांची आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. जाहिरात पानाच्या शेजारी असायची, कथेच्या आत घुसायची नाही.

पैसा दुसऱ्या वाटेने आला की काय होतं, याचं मला सगळ्यात जवळचं उदाहरण गणिताचं आहे. ग्रँट सँडरसनचं 'थ्रीब्लूवनब्राउन' हे चॅनल २०१५मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी त्याने लिनियर अल्जिब्रावर एक मालिका केली. आपल्याकडे इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी 'एम-वन' नावाचा जो पेपर असतो त्यात डिटरमिनंट काढायला शिकवतात. म्हणजे आडवे-तिरपे गुणाकार करा, वजाबाकी करा, चौकटीत उत्तर लिहा. तो आकडा कशाचा आहे, हे आमच्या कित्येकांना पदवी हातात पडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सँडरसन एक चौकोन दाखवतो, मॅट्रिक्स लावून तो ताणतो, आणि सांगतो की क्षेत्रफळ जितक्या पट झालं तो डिटरमिनंट. चौकोन चेपून रेघ झाली तर शून्य. प्रतल उलटं झालं तर उणे. झालं. हे पाहिलेला माणूस नंतर सूत्र विसरला तरी अर्थ विसरत नाही.

पण समीक्षक म्हणून मला त्याहून रोचक वाटते ती लांबी. त्या मालिकेतला एक भाग जेमतेम पाच मिनिटांचा आहे, एक पंधरा मिनिटांच्या पुढे जातो. जेवढा मुद्दा तेवढाच व्हिडिओ. मधूनमधून तो चक्क सांगतो की आता थांबा, व्हिडिओ बंद ठेवून विचार करा. प्रेक्षकाला थांबवणं हा त्याच्या शिकवण्याचाच भाग आहे. त्याला हे परवडतं, कारण त्याचं चॅनल मोठ्या प्रमाणात प्रेक्षकांच्या ऐच्छिक वर्गणीवर उभं आहे, आणि वर्गणी देणारा माणूस सातव्या मिनिटासाठी देत नाही. चित्रं हलवण्यासाठी त्याने स्वतः लिहिलेली 'मॅनिम' ही पायथन लायब्ररीही त्याने खुली ठेवली. आज जगभरची पोरं तीच वापरून आपापले व्हिडिओ बनवतात. स्वतःचं हत्यार स्पर्धकांच्या हातात देऊन तो बुडालेला नाही.

मराठीत हे जमेल का? सरळ नक्कल केली तर नाही. इंग्रजीत गणित सांगणाऱ्याला सगळं जग प्रेक्षक म्हणून मिळतं. समजा हजारातल्या पाचांनीच पैसे दिले, तरी ते पाच मोजायला आधी लाखांत प्रेक्षक हवेत. शिवाय जाहिरातीची किंमत लिलावाने ठरते, आणि परभणीतल्या डोळ्यांसाठी कंपन्या बोस्टनमधल्या डोळ्यांइतकी बोली लावत नाहीत. म्हणजे मराठी चॅनलला त्याच कमाईसाठी जास्त व्हिडिओ काढावे लागतात. आठवड्याला चार व्हिडिओ काढणारा माणूस वाचणार कधी, हा प्रश्न आपण त्याला विचारतो. जाहिरातदाराला विचारत नाही.

तिसरी वाट मात्र मराठीला फार जुनी ओळखीची आहे. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं पत्रक म्हणून. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट मार्केटिंग. त्यातून 'किर्लोस्कर' हे मासिक घडलं, १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' आलं, आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या नांगराशी काही संबंध नसतानाही ते वाचत मोठ्या झाल्या. 'स्त्री'मध्ये बायकांचे जे प्रश्न तेव्हा मांडले गेले ते मांडायला कुणी नांगर विकत घ्यावा लागत नव्हता. विकायची वस्तू होती, पण ती मजकुराच्या बाहेर होती. मजकूर स्वतःच्या पायावर पुरा होता.

याच जातीचं आजचं उदाहरण म्हणजे मधुरा बाचल यांचं 'मधुराज रेसिपी'. त्यांच्या नावाचे मसाले बाजारात मिळतात. पण त्याच चॅनलवर तुम्हाला गोडा मसाला घरी कसा करायचा याची कृतीही मिळते, मोजमापासकट. आता हे धंद्याच्या पुस्तकात बसत नाही असं वाटेल. पाकीट विकायचं तर कृती लपवायला हवी ना? पण ज्याला कृती कळली आहे त्यालाच दगडफूल, नागकेशर भाजत बसायला किती वेळ लागतो हे कळतं. तो पाकीट घेतो ते वेळ वाचवायला. त्याच्या अडाणीपणावर कुणी पैसे करत नाही.

अडाणीपणावर पैसे करणाऱ्यांची मात्र सध्या चलती आहे. '९९ रुपयांत वेबिनार', 'आज रात्री बारापर्यंतच', मग वेबिनारमध्ये दीड तास स्वतःच्या गाडीचे फोटो, आणि खरं गुपित कुठे, तर पुढच्या काही हजारांच्या कोर्समध्ये. शेअर बाजार असो, इंग्रजी बोलणं असो, नाहीतर 'यूट्यूबवरून पैसे कसे कमवावे' हाच विषय असो. यातल्या फुकट व्हिडिओचं रूप पाहा: तो मुद्दाम अर्धा ठेवलेला असतो. पाहून झाल्यावर तुम्हाला आधीपेक्षा काही जास्त येत नाही, फक्त आपल्याला काही येत नाही ही भावना वाढलेली असते. आठ मिनिटांचा व्हिडिओ निदान सातव्या मिनिटाला उत्तर तरी देतो. हा देतच नाही, आणि त्याला फसणारी पोरं आपल्याच बॅचची, आपल्याच गावची असतात. नोकरी लागत नाही म्हणून मित्राकडून उसने घेऊन कोर्स भरतात. या प्रकारावर समीक्षा लिहिण्यासारखं खरं तर काही नाही.

आता आपल्याबद्दल. मराठी वेबझिनमध्ये लिहिणारे माझ्यासारखे बहुतेक जण दुसऱ्या नोकरीच्या पगारावर लिहितात. याचा आपल्याला एक छुपा अभिमान असतो: आम्ही पैशासाठी लिहीत नाही. मला हा अभिमान अडचणीचा वाटतो. जिथे लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत तिथे कोण लिहितं? ज्याचा शनिवार-रविवार मोकळा आहे तो. म्हणून मराठी आंतरजालावर पुण्यातल्या ट्रॅफिकवर, सिलिकॉन व्हॅलीतल्या पानगळीवर आणि नेटफ्लिक्सवर उत्तम लेख सापडतात. नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकिटाचे पैसे मोजताना न कुरकुरणारा मराठी प्रेक्षक चॅनलच्या किंवा वेबझिनच्या वर्गणीचं नाव काढलं की गप्प होतो, आणि आपण मागतही नाही. मागणं आपल्याला कसंतरीच वाटतं.

त्या साखर कारखान्याचंच घ्या. त्याचं नेमकं काय झालं हे खरोखर सांगायचं तर वार्षिक अहवाल मिळवावे लागतील, लिलावाची कागदपत्रं वाचावी लागतील, सभासद शेतकऱ्यांना आणि थकलेल्या पगाराची वाट पाहणाऱ्या कामगारांना भेटावं लागेल. दोन-तीन महिन्यांचं काम, शिवाय एसटीचं भाडं आणि झेरॉक्स. मला रजा नाही. व्हिडिओवाल्याला गुरुवारपर्यंत पुढचा भाग टाकायचाय. तालुक्याच्या वार्ताहराला हे सगळं माहीत आहे, पण त्याला मानधनच बातमीमागे मोजून मिळतं. त्यामुळे त्या कारखान्याबद्दल मराठीत आज जे काही पाहायला मिळतं, ते आठ मिनिटं बारा सेकंदांचं आहे.