सेंट पॉल चर्चमधले मतदान

युरोपातल्या राष्ट्रवादाशी मराठी वाचकाची ओळख प्रामुख्याने मॅझिनीने करून दिली. सावरकरांनी केलेला त्याच्या लेखनाचा अनुवाद १९०७ साली निघाला आणि राष्ट्रवाद म्हटले की हद्दपारी, तुरुंग, गुप्त मंडळ्या हेच चित्र आपल्या मनात ठसले. जर्मनीची गोष्ट मात्र दोन वाक्यांत आटोपली जाते: उदारमतवाद्यांनी एकीकरणाचे स्वप्न पाहिले, बिस्मार्कने ते हिसकावून तलवारीने पुरे केले. ही मांडणी मला पटत नाही. तिच्यात मध्यमवर्ग फार स्वस्तात सुटतो.

१८ मे १८४८ रोजी फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये जर्मन राष्ट्रीय सभा भरली. ‘प्राध्यापकांची संसद’ म्हणून तिची टर उडवतात. प्रत्यक्षात न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि वकील यांचाच भरणा अधिक होता. कारागीर अवघे चार, शेतकरी एक. या सभेने डिसेंबरात मूलभूत हक्क जाहीर केले. कायद्यापुढे समानता आली, धर्मस्वातंत्र्य आले, आणि त्याबरोबर ज्यूंचे समान नागरिकत्वही. हे लहान काम नव्हे.

पण त्याआधीचा जुलै पाहा. सभेची इतिवृत्ते छापलेली आहेत. शब्दकोश हाताशी घेऊन मी ती सावकाश वाचत आलो आहे. प्रशियाच्या ताब्यातल्या पोझेन प्रांतात पोलिश लोक बहुसंख्य होते. त्याच वसंतात भरलेल्या पूर्वसभेने पोलंडची फाळणी हा लाजिरवाणा अन्याय ठरवला होता. जुलैत प्रश्न पोझेनच्या जमिनीचा झाला, तेव्हा विल्हेल्म योर्डान बोलायला उठला. हा कोणी राजनिष्ठ सरदार नव्हे, डाव्या बाकांवरचा कवी. पोलिशांचा कळवळा ही भाबडी भावविवशता आहे, राष्ट्राने निरोगी स्वार्थ बाळगावा, असे त्याने मांडले. २७ जुलैला प्रांताचा मोठा भाग जर्मनीत घेण्याच्या बाजूने ३४२ मते पडली, विरोधात ३१. उत्तर श्लेस्विगमध्ये डॅनिश भाषकांची वस्ती होती. तिथे हीच मंडळी ऐतिहासिक हक्काचा दाखला देत होती, पोझेनमध्ये जर्मन वस्तीचा. निकष सोयीप्रमाणे बदलत होता.

बिस्मार्क या सभेचा सदस्यही नव्हता.

राज्यघटनेच्या १८८व्या कलमाने जर्मनेतर भाषकांना शाळेत, चर्चमध्ये, न्यायालयात आपापल्या भाषेचा हक्क दिला, हे विसरता येत नाही. म्हणूनच तर हे प्रकरण टोचते. ही माणसे दुष्ट नव्हती. हक्क कसा लिहायचा हे त्यांना उत्तम ठाऊक होते. सीमा कुठे आखायची हे मात्र त्यांनी सैन्याच्या जोरावर सोडले. सप्टेंबरात फ्रँकफर्टमध्ये दंगल उसळली, तेव्हा सभेचे रक्षण प्रशियन आणि ऑस्ट्रियन शिपायांनीच केले.

पुढे प्रशियात बिस्मार्कने चार वर्षे विधिमंडळाच्या मंजुरीवाचून खर्च केला. ऑस्ट्रियावर विजय मिळताच ३ सप्टेंबर १८६६ रोजी तो सारा माफ झाला, २३० विरुद्ध ७५ मतांनी. बाजूने मत देणाऱ्यांपैकी काही उदारमतवाद्यांनी पुढच्या वर्षी पक्ष काढला, आणि त्याच्या नावात ‘राष्ट्रीय’ हा शब्द ‘उदारमतवादी’च्या आधी घातला.