वाट कोणी पाहायची?

छताला एक छोटी विजेची मोटर, तिला लोंबणारी आठ फुटी प्लास्टिकची दोरी आणि मोटरची जोडणी संगणकांच्या जाळ्याच्या तारेला. तारेतून माहितीची वर्दळ वाढली की दोरी आवाज करीत गरगर फिरे. वर्दळ ओसरली की काही सेकंदांनी एखादाच हिसका. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात नाताली जेरेमिजेंको या कलावतीने केलेली ही रचना. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राऊन यांनी १९९५ साली ‘शांत तंत्रज्ञाना’ची कल्पना मांडताना तिचा दाखला दिला. दोरीकडे पाहत बसायचे नव्हते. आधणातल्या भाताच्या खदखदण्याकडे घरातल्या बाईचा अर्धा कान असतो, तसे जाळ्याकडे सर्वांचे अर्धे लक्ष असावे, एवढाच हेतू.

पुढे झाले ते उलटेच. २००६ साली एझा रास्किन यांनी पान न संपणारी सरकपट्टी रचली. तिने, बोट आपोआप थांबण्याची पान संपण्याची जागाच नाहीशी केली. पुढे त्यांनी स्वतःच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. अशा वातावरणात ‘संथ तंत्रज्ञान’ हा शब्द पुन्हा आकर्षक वाटू लागला, यात नवल नाही. लार्स हालनेस आणि योहान रेडस्ट्रॉम या स्वीडिश अभ्यासकांनी तो २००१ मध्येच मांडला होता. कार्यक्षम साधन वेळ नाहीसा करते, तर संथ साधनाने वेळ जाणवू द्यावा, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा चांगला आहे, पण त्यात एक फट राहते. जाणवणारा वेळ कोणाचा, आणि तो घालवायचा की नाही हे कोण ठरवणार?

मराठीत ‘मंद’ आणि ‘सावकाश’ हे दोन शब्द आपण सहज वेगळे वापरतो. मंद हे गतीचे माप. सावकाश म्हणजे स-अवकाश, म्हणजे ज्याच्यापाशी मोकळी जागा आहे असा. ‘सावकाश जेवा’ म्हणणारा यजमान घास मोजायला सांगत नाही. तो पाहुण्याला सांगतो की इथे घाई करायला कोणी नाही. संथ तंत्रज्ञानाचे बरेच प्रयोग मला या दोन शब्दांच्या मध्ये अडकलेले दिसतात.

विल्यम ओडम आणि सहकाऱ्यांची ‘फोटोबॉक्स’ घ्या. लाकडी पेटीत दडवलेला छोटा प्रिंटर मालकाच्या इंटरनेटवरील छायाचित्रसंग्रहातून महिन्याला चार-पाच छायाचित्रे स्वतःच्या मर्जीने निवडून छापतो. कोणते, कधी, हे मालकाच्या हातात नाही. तीन घरांमध्ये ही पेटी चौदा महिने राहिली. सुरुवातीला माणसे वैतागली, हळूहळू रुळली, आणि पेटी उघडण्याची उत्सुकताही त्यांना वाटू लागली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास रुळण्याला यश मानतो. मला त्या वैतागाला इतक्या लवकर निकालात काढणे पटत नाही. नियंत्रण काढून घेतल्यावर माणूस जुळवून घेतो, पण जुळवून घेणे म्हणजे अवकाश मिळणे नव्हे.

हे लक्षात यायला आपल्या रेशन दुकानात जावे. कष्टाने रेषा झिजलेला अंगठा पॉस मशीनवर उमटत नाही. हात पुसून पुन्हा ठेवायचा, दुसरे बोट लावायचे. सर्व्हर बंद असला तर उद्या यायचे, म्हणजे मजुरीचा आणखी एक दिवस बुडवायचा. इथले तंत्रज्ञान अतिशय संथ आहे आणि त्यात वेळ पुरेपूर जाणवतो. फोटोबॉक्सपुढची आणि मशीनपुढची वाट पाहणे एकसारखे नाही, हे उघड आहे. पेटीला कंटाळलेला माणूस ती माळ्यावर टाकू शकतो. पण मग संथपणाचे मोल गतीत नसून या माळ्यावर टाकण्याच्या मुभेत आहे, हे या साहित्याने स्पष्ट म्हणायला हवे होते.

ओडम यांच्याच पुढच्या कामात ते जवळजवळ म्हटले गेले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील ‘ऑली’ हे संगीतयंत्र मालकाने पूर्वी कधीतरी ऐकलेले एक गाणे निवडते, पण वाजवत नाही. त्याची लाकडी चकती हळूहळू फिरू लागते. कोणी येऊन ती हाताने फिरवली तर गाणे सुरू होते, नाहीतर ती संधी आवाज न करता निघून जाते. इथे वाट यंत्र पाहते. माणूस भाकरी थापत असेल, झोपला असेल, त्याला ते गाणे नको असेल, तरी काही बिघडत नाही. पेटीपासून चकतीपर्यंतचा हा बदल मला ‘संथ’ या शब्दापेक्षा मोलाचा वाटतो.

फक्त, ऑली गाणे निवडते ते लास्ट.एफएम या सेवेच्या दप्तरातून. तिथे प्रत्येक गाणे ऐकताक्षणी तारीख-वेळेसह टिपले गेलेले असते, आणि ही टिपणी कोणाच्याही हाताची वाट पाहत नाही.