सूक्ष्मजीवशास्त्राची ऑनलाइन साधने आणि जालना जिल्ह्यातील अध्यापन : एक समीक्षा

प्रस्तावना :
१ मे १९८१ रोजी निर्माण झालेला जालना जिल्हा बियाणे उद्योग, पोलाद व मोसंबी यांसाठी ओळखला जातो. येथील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला आज ‘स्वयम्’, ‘ई-पीजी पाठशाला’ व ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ ही साधने अध्ययनासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात सूक्ष्मजीवशास्त्राच्या संदर्भात त्यांच्या उपयुक्ततेचा व मर्यादांचा विचार केला आहे.

विवेचन :
‘व्हर्च्युअल लॅब्ज’मधील ग्रॅम अभिरंजनाचा प्रयोग हे बोलके उदाहरण होय. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल व सॅफ्रानिन हा क्रम विद्यार्थी हवा तितक्या वेळा गिरवू शकतो. ही पूर्वतयारी प्रात्यक्षिकाचा वेळ वाचवते. परंतु पडद्यावरील काचपट्टी ठरलेल्या कृतीने ठरलेलेच फळ देते. प्रत्यक्षात अल्कोहोल काही सेकंद अधिक राहिल्यास ग्रॅम-धन जीवाणूही जांभळा रंग गमावून ग्रॅम-ऋण भासतात. लेप जाड झाल्यास ग्रॅम-ऋण जीवाणू जांभळेच राहू शकतात. अशी चूक ओळखणे व तिचे कारण सांगणे हेच या प्रयोगाचे खरे शिक्षण असून ते पडद्यावर घडत नाही.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. मात्र त्यांतून माहिती व संज्ञा मिळतात, प्रयोगाची कृती मिळत नाही.

तथापि काही विषयांत ऑनलाइन साधनांना पर्याय नाही. मोसंबीवरील ग्रीनिंग रोगाशी संबंधित ‘कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस’ हा जीवाणू नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढत नाही. त्याची ओळख जनुकीय क्रमावरून पटवावी लागते, आणि असे क्रम ‘जेनबँक’सारख्या मुक्त संग्रहात कोणालाही पाहता येतात. येथे जिल्ह्यातील पिकाचा प्रश्न जगाच्या ज्ञानभांडाराशी जोडला जातो.

निष्कर्ष :
ऑनलाइन साधने प्रात्यक्षिकाची पूर्वतयारी म्हणून स्वागतार्ह आहेत. प्रयोगशाळेतील उणिवा झाकण्याचे निमित्त म्हणून नव्हेत. पडद्यावर क्रम शिकलेल्या विद्यार्थ्याने परिसरातील काळ्या जमिनीचा नमुना अॅशबी माध्यमावर घालून अॅझोटोबॅक्टर वेगळा करावा, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतून रायझोबियम शोधावा. तसेच फसलेल्या काचपट्टीचे अचूक कारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रात्यक्षिक परीक्षेत गुण मिळावेत. तसे झाले तरच ही साधने अध्यापनाला खऱ्या अर्थाने पूरक ठरतील.